परत न करणारी

कुणाच्याही घरी भेटीला गेले की मी आधी पाणी मागते. तहान लागलेली असते म्हणून नव्हे. पाणी कोण आणतं ते बघायचं असतं. ठेवून घेतलेलं मूल उठून आत पळालं आणि घरची स्वतःची मुलं टीव्हीसमोर बसून राहिली, की माझ्या डायरीत एक फुली पडते. मग मी मोरी कुठे आहे म्हणून विचारते. मोरीकडे जाता जाता मुलाची गादी दिसते, दोरीवरचे कपडे दिसतात, चपला कुठल्या दाराशी काढल्यात तेही दिसतं. या युक्त्या मला कुणी शिकवल्या नाहीत. बारा वर्षं हेच काम केल्यावर नजरेला आपोआप सवय लागते. आमच्या खात्यात संशय पगारातच धरलेला असतो.

श्रीवर्धनहून दिघीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, सुपारीच्या लहानशा वाडीत एक बाई राहायच्या. त्यांनी मात्र ही युक्ती पहिल्याच भेटीत हाणून पाडली. मी ओटीवर टेकले, पदराने वारा घेतला आणि म्हटलं, "मावशी, जरा पाणी मिळेल का?"

त्यांनी जागचं हलायचीही तसदी घेतली नाही. "विहीर तिथं हाय. रहाट हाय, कळशी हाय. काढ आन् पी."

मी गुमान गेले, पाणी काढलं, प्यायले. परत आले तर म्हणतात कशा, "मॅडम, तू काय तहानलेली नव्हतीस. दोनच घोट प्यालीस. काय बघायचं ते सरळ बघ की."

'मॅडम' आणि 'तू' एकाच वाक्यात. पुढे दीड वर्ष त्या माझ्याशी असंच बोलल्या.

माझं काम सांगायला सोपं आहे. ज्या मुलांना आईबाप नाहीत, किंवा असून सांभाळू शकत नाहीत, त्यांना आम्ही एखाद्या घरात वाढायला ठेवतो. दत्तक नव्हे, काही काळापुरतं. कागदावर त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. घर शोधायचं, मूल सोडायचं आणि दर महिन्याला जाऊन बघायचं, सगळं नीट चाललंय ना. नीट चाललेलं नसेल तर मूल उचलायचं आणि दुसरं घर शोधायचं. ज्या मुलीमुळे माझा आणि मावशींचा संबंध आला, ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिची चार घरं करून झाली होती.

चारही घरं चांगली होती. हे मुद्दाम सांगते, कारण ती मीच निवडली होती. चारही घरांत पहिल्या दिवशी केक कापला, फोटो काढले, 'आता ही आमचीच' असं म्हणून झालं. आणि चारही घरांनी तिला परत केली. एका घरी स्वतःचं बाळ होणार होतं. एका घरी तिने गादीखाली पोळ्या लपवल्या आणि मुंग्या झाल्या. एकांची बदली झाली. शेवटच्यांनी कारणही दिलं नाही, नुसतं 'आम्हाला जमत नाही हो' म्हणून डोळ्यांना रुमाल लावला. परत येताना ती दरवेळी गाडीत गप्प बसायची, मांडीवर तिची निळी पिशवी घेऊन. रडायची नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मावशी स्वतःहून कार्यालयात आल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आमचा कागद लागला होता, तो कुणाकडून तरी वाचून घेऊन. पंचावन्नच्या आसपास वय, काटक अंग, पायात रबरी चपला आणि भर उन्हात हातात एक छत्री, जिच्या तीन काड्या बाहेर आल्या होत्या.

"पोर किती दिवसांसाठी देता?" त्यांचा पहिला प्रश्न.

"सध्या दोन वर्षं. मग बालकल्याण समिती आढावा घेते."

"मंग?"

"मग मुदत वाढवता येते. किंवा मुलाला दुसरीकडे..."

"भाड्याची सायकल हाय का ती?"

मला हसू आलं, पण संशयही आला. एकटी विधवा बाई, सुपारीची वाडी, आणि हिला पोर कशाला हवं? हाताशी फुकटचं माणूस हवं असणार. मी त्यांच्या गावात चौकशीला गेले. नाक्यावरच्या दुकानदाराला विचारलं तर तो हसायलाच लागला.

"मॅडम, तिच्यासारखं गिऱ्हाईक नाय. काय बी द्या, परत येत नाय."

मावशी विकत घेतलेली वस्तू कधी परत करत नसत, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि अख्खं गाव त्याचा फायदा घ्यायचं. काड्या मोडलेली ती छत्री नवी आणली तेव्हाच तशी होती. भिंतीवरचं घड्याळ तासाला पाच मिनिटं पुढे जायचं. मावशी रोज सकाळी शाळेच्या घंटेवर ते मागे करत. बाजारातून शेळी आणली, ती एका डोळ्याने आंधळी निघाली. विकणारा शेजारच्याच गावातला होता, पण त्याला त्यांनी शब्दाने विचारलं नाही. शेळीला उजव्या बाजूने हाक मारायची, एवढं घरात ठरून गेलं. 

मी एकदा त्यांना म्हटलंही, "अहो मावशी, दुकानदार फसवतो तुम्हाला. परत नेऊन आदळा की ते घड्याळ."

"परत करायची सोय असली का माणूस आणताना नीट बघत न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् आणल्यावर सांभाळत बी न्हाय."

मी डायरीत लिहिलं: 'स्वभाव हटवादी.'

घरांची टंचाई होती म्हणून त्यांचा अर्ज मंजूर झाला, हे खरं. मुलीला सोडायला मीच गेले. केक नव्हता. मावशी ओटीवर बसून वाल निवडत होत्या. त्यांनी मुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे बघ, मी तुझी आई न्हाय. तू मला आवडलीस असं बी न्हाय, आपली अजून वळखच न्हाय. पण हितं आलीस, आता हितंच ऱ्हायचं. ती खुंटी तुझी. पिशवी लाव न्हायतर नको लावू."

मुलीने पिशवी खुंटीला लावली, दाराजवळच्या. आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'बालकाप्रति जिव्हाळा'. त्यात मी 'कमी' असं लिहिलं.

मावशी कुणावरही विश्वास ठेवत नसत. डॉक्टरने गोळ्या दिल्या तर एक गोळी आधी त्याला खायला सांगत. माझ्याकडे तर दर महिन्याला ओळखपत्र मागत.

"मावशी, मागच्या महिन्यात दाखवलं की!"

"मागच्या म्हयन्यात तू होतीस. आज काय ठाव?"

मग कार्ड हातात घेऊन फोटो आणि माझं तोंड आळीपाळीने बघत. "जाड झालीस," म्हणत आणि कार्ड परत देत. मी त्यांच्याकडे संशयाने बघायचे, त्या माझ्याकडे. आणि ती मुलगी आम्हा दोघींकडे. माझी स्कूटर वळणावर आली की ती वाडीत कुठेतरी नाहीशी व्हायची. मी खालून हाका मारायचे, सुपारीची बारीक झाडं नुसती हलायची. शेवटी मी शाळेत जाऊन तिला गाठायचे, तर बाईंच्या मागे उभी राहून 'हो', 'नाही' एवढंच.

घरात मात्र तिचं तोंड चालायचं. मावशींना ती 'म्हातारे' म्हणायची आणि मावशी तिला 'भवाने'. पहिल्याच महिन्यात मुलीने घरातले अर्धी गोण वाल विहिरीत ओतले. का, ते सांगितलं नाही. चार घरांत शिकलेली मुलगी होती, किती केल्यावर परत पाठवतात याचा अंदाज घेत असणार. मावशी तीन दिवस ओरडत होत्या, इतक्या मोठ्याने की शेजारणीने मला फोन केला. मी धावत गेले. बघते तर दोघी विहिरीच्या कठड्यावर वाकून टोपलीने वाल काढतायत, एकमेकींना शिव्या देत. भिजून फुगलेले वाल फडक्यात बांधून ठेवले, त्यांना मोड आले, आणि आठ दिवस दोघींनी सकाळ-संध्याकाळ वालाचं बिरडं खाल्लं. मलाही वाढलं. चव चांगली होती, पण मी डायरीत 'आरडाओरडा' एवढंच लिहिलं.

सुपारीच्या दिवसांत मुलीच्या बोटांना तांबडे डाग दिसले. सुपारी सोलताना पडतात तसे. मला हवं होतं ते सापडलं! मी मावशींना कायदा सुनावला, लहान मुलाला कामाला लावता येत नाही म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या भेटीत मावशी एकट्याच सोलत होत्या आणि मुलगी समोर बसून मराठीच्या पुस्तकातला धडा मोठ्याने वाचत होती, कपाळाला आठ्या घालून. मला बघून पळायला निघाली तर मावशी म्हणाल्या, "बस. पान पुरं कर. मॅडमनी सांगितलं हाय, तू काम करायचं न्हाय. मंग माझी करमणूक कर." त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. मुलगी चुकीचं वाचतेय की बरोबर, हे कळत नसूनही त्या मध्येच थांबवायच्या, "हे परत वाच, मला पटलं न्हाय." 

हे सगळं मी आज हसत सांगते. तेव्हा हसत नव्हते. त्या बाई काहीतरी लपवतायत, असं मला सारखं वाटायचं.

वर्ष उलटल्यावर एका रविवारी सकाळी मावशी माझ्या घरी हजर. मी तळा गावात भाड्याने राहते, दोन खोल्या. दार उघडलं तर समोर त्या, एसटीच्या धुळीने माखलेल्या. मुलीला शेजारणीकडे ठेवून आल्या होत्या.

"तू माझ्या घरी येतेस. मी म्हटलं, आपण पण बघावं."

त्यांनी माझी मोरी बघितली. डब्यांची झाकणं उघडली. पलंगाखाली वाकून बघितलं. मी हसत होते, पण अंगाचा तिळपापड होत होता. भिंतीवर माझ्या मुलीचा फोटो होता, त्याच्यासमोर त्या थांबल्या.

"ही कुठं हाय?"

"पेणला, माझ्या आईकडे. माझी फिरती असते ना. शाळेची सोय तिथे बरी आहे."

"म्हंजे तुझी पण दुसरीकडंच."

"आजी आहे तिची, मावशी. परकं घर नाही ते."

"आठवड्याला येते?"

"जमेल तसं मी जाते."

"मंग तिची पिशवी कोण भरतं?"

मी चहा ठेवायला वळले. त्यांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि निघताना म्हणाल्या, "घर ठीक हाय. पोर हवी हितं." मी दार लावलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ज्या बाईची तपासणी करायची, तिने माझी तपासणी करून मला नापास केलं होतं. तेही जिथे मी स्वतःला रोज रात्री नापास करते, नेमकं तिथेच.

हा राग मनात असताना मी पुढच्या भेटीला गेले, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात त्या रागाचा वाटा मोठा होता. नवरात्राचे दिवस होते, पाऊस संपून ऊन पडलं होतं. मी मुद्दाम न कळवता गेले आणि स्कूटर लांबच ठेवली. मुलगी शाळेत होती. घरापुढच्या खळ्यात चटई टाकून मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर ती निळी पिशवी. आतलं सगळं बाहेर काढलेलं: दोन फ्रॉक, आतले कपडे, फणी, टॉवेल, शाळेच्या दाखल्याची प्लास्टिकमध्ये घातलेली झेरॉक्स. मावशी एकेक घडी करून पिशवीत भरत होत्या. अगदी सावकाश, काय कशावर ठेवायचं हे आठवून आठवून. एक जुना फ्रॉक त्यांनी बाजूला टाकला आणि त्याच्या जागी एक नवाकोरा, हिरवा फ्रॉक ठेवला. मी दिसले तशी त्यांनी चेन ओढून पिशवी बंद केली.

"कुठे निघालात का?" मी विचारलं.

"कुठं न्हाय."

"मग पिशवी कशाला भरताय?"

"भरलेली असती ती. वरीसभर भरलेलीच हाय."

"का पण?"

"तिला इचार. पिशवी तिची हाय."

"मावशी, तिला परत पाठवायचं असेल तर सरळ सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी परक्या मुलखातली भाषा बोलतेय. मग उठल्या, पिशवी खुंटीला लावली आणि आत निघून गेल्या. विचारलेल्याचं सरळ उत्तर देतील तर त्या मावशी कसल्या!

मी घरी आले आणि अहवाल लिहिला. 'पालक मुलीची पिशवी वर्षभर भरून दाराशी ठेवतात. मुलीच्या गैरहजेरीत नवीन कपडे भरून पिशवी तयार करताना आढळल्या. मुलीला परत पाठवण्याची तयारी दिसते. स्पष्टीकरण देण्यास नकार.' यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चार घरांनी अशाच भरलेल्या पिशवीनिशी ती मुलगी माझ्या हातात दिली होती. पाचव्यांदा तरी मला आधी कळलं, असं मला वाटलं. माझी मलाच शाबासकी वाटत होती.

कागद पुढे सरकला. समितीचा आदेश आला: चौकशी होईपर्यंत मुलीला बालगृहात आणावं.

आणायला मीच गेले. खात्याची गाडी खळ्यात उभी राहिली तेव्हा मुलगी जेवत होती. या वेळी ती पळाली नाही. ताटातला घास पुरा केला, हात धुतला, खुंटीवरून पिशवी काढली, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली. मला एक शब्द विचारला नाही. सगळं मिळून मिनिटभराचं काम. तिचा सराव होता.

मावशी ओटीवर उभ्या होत्या. मला वाटलं होतं, भांडतील. आदेश दाखवायला मी हातातच धरला होता. त्यांनी तो बघितला नाही, आणि ओळखपत्रही मागितलं नाही.

"कवा आणून सोडतेस?" एवढंच विचारलं.

"ते समिती ठरवेल, मावशी."

"तारीख सांग."

"दहा दिवसांनी सुनावणी आहे. तुम्हालाही यावं लागेल जिल्ह्याला."

गाडी दिघीच्या रस्त्याला लागली. खाडीच्या कडेने जाताना मुलीने पिशवीची चेन उघडली आणि आत हात घालून चाचपलं. हिरवा फ्रॉक तिच्या हाताला लागला. तिने तो बाहेर ओढला, उलटापालटा करून बघितला आणि पहिल्यांदाच स्वतःहून माझ्याशी बोलली, "हा माझा नाही."

"तुझाच आहे. मावशींनी ठेवलाय."

तिला खरं वाटलं नाही. मी फ्रॉक हातात घेतला. गावातल्या शिंप्याने शिवलेला होता, थोडा मोठाच. खालची कड माझ्या बोटांना जाड लागली, म्हणून मी ती उलटून बघितली. आत वीतभर कापड दुमडून हाताने टाके घातले होते. दोन्ही बाजूंच्या शिवणीतही दोन दोन बोटं कापड राखून ठेवलं होतं. माझी आई माझे फ्रॉक असेच शिवून घ्यायची, वाढत्या अंगाचे. दरवर्षी उन्हाळ्यात एक टाका उसवायचा आणि फ्रॉक खाली सोडायचा. असा फ्रॉक तीन वर्षं जातो.

परत पाठवायच्या मुलीसाठी कुणी वीतभर दुमड घालत नाही.

गाडी फिरवायला सांगावी असं वाटलं, खरंच वाटलं. पण आदेश होता, चालक होता, वरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. मी फ्रॉकची घडी घातली आणि तिच्या हातात दिली. गाडी चालत राहिली. माझ्या नोकरीतल्या सगळ्या दिवसांत मला त्या अर्ध्या तासाची सर्वांत जास्त लाज वाटते.

सुनावणीला समितीच्या अध्यक्षबाई आणि आणखी दोघं टेबलापलीकडे बसले होते. मुलीला आधी एकटीला आत घेतलं. मी कोपऱ्यात बसले होते.

अध्यक्षबाईंनी प्रेमाने विचारलं, "तुला तिथे परत जायचंय का बाळा?"

"नाही."

"का गं? त्या मारतात?"

"नाही."

"काम करायला लावतात? उपाशी ठेवतात?"

"नाही."

"मग का नको?"

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. अध्यक्षबाईंनी कागदावर लिहायला घेतलं. त्या काय लिहितायत ते मला दिसत होतं, आणि मुलगी असं का म्हणाली तेही. 'इथे आवडतं का', असं जिने जिने तिला आजवर विचारलं होतं, तिच्या मागोमाग गाडी आली होती. हो म्हटलं तरी आली होती. तेव्हा या वेळी तिने स्वतःच आधी नाही म्हणून घेतलं.

मावशींना आत बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्या आधी तिघांची ओळखपत्रं मागितली. अध्यक्षबाई क्षणभर गोंधळल्या, मग पर्समधून आपलं कार्ड काढून दाखवलं. मावशींनी फोटो पारखून घेतला आणि खुर्चीवर बसल्या.

"बाई, मुलगी म्हणते तिला तुमच्याकडे राहायचं नाही."

"म्हणू दे."

"तिच्या मनाविरुद्ध तुम्ही कसं ठेवणार?"

"पोरीनं ऱ्हायचं का न्हाय, हे पोरीनं ठरवायचं? आठ-नऊ वर्सांची हाय ती. तिनं अभ्यास करायचा. ऱ्हायचं मी ठरवलेलं हाय."

एक सदस्य दुसऱ्याच्या कानाशी लागला. मावशी आपल्याच हाताने आपलं नुकसान करून घेत होत्या. अध्यक्षबाईंनी माझा अहवाल पुढे ओढला. "तुम्ही तिची पिशवी भरून दाराशी का ठेवता?"

मावशींनी छत्री उचलून हातात घेतली. आता उठून चालू पडणार, असं मला वाटलं. मग टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मी भरत न्हाय. तिनंच भरून ठेवली, आली त्या दिशी. मला बी सासरच्यांनी दोनदा माहेरी धाडली, आन् माहेरच्यांनी दोनदा परत धाडली. माझं बोचकं चार वर्सं खुंटीला हुतं. कुणी म्हटलं, सोड गं ते बोचकं, की माझ्या छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, आता काढतील. म्हणून मी तिला सोड म्हणत न्हाय. पावसात बुरशी येती, म्हणून उनात टाकते आन् तिनं ठेवलं हुतं तसंच ठेवते. कपडे लहान झाले का बदलते. उद्या तिला वाटलं निघावं, तर आखूड फ्रॉक घालून जाईल का?"

मी उभी राहिले.

"मॅडम, माझा अहवाल चुकीचा आहे," मी म्हटलं. "मी तो रागात लिहिला. त्या बाईंनी मला माझ्या मुलीबद्दल विचारलं होतं, त्याचा राग होता. हिला तिथून काढायला नको होतं. मी काढलं."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मला जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही, ते योग्यच होतं. संध्याकाळपर्यंत आदेश झाला: मुलगी मावशींकडेच राहील, लांब मुदतीसाठी.

त्या दोघींना सोडायला मी एसटी स्टँडवर गेले. मावशी पुढे, हातात ती मोडकी छत्री. मुलगी चार पावलं मागे, मार खायच्या तयारीने चालल्यासारखी. फलाटावर मावशी वळल्या.

"न्हाय ऱ्हायचं म्हणालीस व्हय?"

मुलीने होकाराची मान हलवली.

"बरं. आता चड गाडीत, न्हायतर उभ्यानं जावं लागंल."

तेव्हा ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं. फलाटावर, लोकांसमोर, नाक वाहेपर्यंत. मावशींनी तिला जवळबिवळ घेतलं नाही, नुसता पदराचा शेव पुढे केला. तिने त्याला नाक पुसलं. मावशी आधी चढून बसल्या. त्यांच्यामागून गाडीत चढता चढता ती थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही आता येऊ नका."

राग नव्हता त्यात. विनंती होती.

"ए भवाने, असं बोलतात?" मावशी खिडकीतून ओरडल्या. "मॅडम, तिचं ऐकू नको. तू ये. पुढच्या म्हयन्यात नक्की ये!"

मला जायचं होतं. देवाशपथ सांगते, मला त्या ओटीवर जाऊन बसायचं होतं, ओळखपत्र दाखवायचं होतं, जाड झालीस असं ऐकून घ्यायचं होतं. मावशी ये म्हणाल्या, पोर येऊ नका म्हणाली. मी पोरीचं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी ती फाईल मी माझ्या एका सहकारी ताईकडे सोपवली आणि श्रीवर्धनचा तो रस्ताही तिच्याकडे दिला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी केवढी झाली, काय शिकते, मावशींना अजून तशाच हाका मारते का, मला काही ठाऊक नाही. सगळं काही तपासून बघायची सवय असलेल्या बाईला हे किती जड जातं, ते माझं मला माहीत. ताई भेटीहून आली की तिला खूप काही सांगायचं असतं. मी तिला हाताने थांबवते आणि एकच विचारते.

"तिथेच?"

"तिथेच," ती म्हणते.

पुढचं मी विचारत नाही.